एक्केचाळिसावा सेकंद

१

मंगळवार होता. बाहेर कडक ऊन नव्हतं, ढगही नव्हते. सांगावं असं काहीच नव्हतं त्या दिवसात. तिसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत ती नेहमीसारखी खिडकीकडे पाठ करून बसली होती आणि समोर एक तक्रार उघडी होती. ‘तुमचा फासा माझ्यावर दात धरून आहे. दोनशे वेळा तो राक्षस मारला, एकदाही लूट हाती लागली नाही. बनवाबनवी बंद करा.’

कचेरीत तिला सगळे पंचबाई म्हणत. कंपनी ऑनलाइन खेळाची. खेळात चार जण मिळून एखादा राक्षस लोळवतात. तो पडला की कधीमधी एखादी वस्तू मागे राहते. ज्याला ती हवी त्याने फाशाचं बटण दाबायचं, यंत्र प्रत्येकाला एक ते शंभरमधला एक आकडा देतं, आणि ज्याचा आकडा मोठा त्याची लूट. नियम एवढासाच, पण त्यावरून माणसं अशी भांडतात की वाटावं, बापजाद्यांच्या जमिनीची वाटणी चाललीय. तक्रार आली की पंचबाई त्या खेळाडूचे मागचे हजार फासे काढायची, तक्ता मांडायची आणि उत्तर धाडायची. फासा सरळ आहे, या दाखल्यावर सही तिचीच होती.

दोनशेत एकदा मिळणारी वस्तू दोनशे खेपांत मिळतेच असं नाही, हे ती गेली अकरा वर्षं लोकांना सांगत आली होती. शंभरातल्या छत्तीस-सदतीस जणांचे हात तेव्हाही रिकामेच राहतात. ज्यांचे राहतात ते तक्रार करतात. बाकीच्यांना लिहायला कुठे सवड असते?

तिने टाइप केलं, ‘आपले फासे तपासले. आढळलेला फरक योगायोगाच्या मर्यादेत आहे.’ तेवढ्यात फोन थरथरला. भावजयीचा होता.

“ताई, तुम्ही बसलाय ना?”

“बसलेय. का गं?”

“हे कामावर होते. लिफ्टचं काम झालं, पाणी प्यायचं म्हणून जिन्यात पायरीवर बसले. आणि उठलेच नाहीत, ताई.”

पुढचं तिला नीट आठवत नाही. एवढं मात्र आठवतं की पर्स उचलण्याआधी तिने त्या वाक्याखाली आपलं पद लिहिलं आणि उत्तर पाठवून दिलं.

२

धाकटा तिच्याहून पाच वर्षांनी लहान. लिफ्ट दुरुस्त करायचा. खेळातही त्याने नाव ‘धाकटा’ असंच घेतलं होतं. “अख्ख्या दुनियेत मी एकटाच हे नाव घेणारा निघालो, बघ ताई. बाकी सगळे वाघ, गरुड आणि काळपुरुष.”

दर रविवारी दुपारी चारला चौघं खेळायला बसत. ताई, धाकटा, शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर आणि एक बेकरीवाली. चौघांची घरं चार टोकांना, कानांवर हेडफोन, आणि बोलणं असं की एका ओसरीवर बसलेत.

धाकट्याला हवा होता निळा कंदील. त्याने शक्ती वाढत नव्हती की जीव वाचत नव्हता; हातात धरला की आजूबाजूला निळसर उजेड पडायचा, इतकंच. पण त्याचं मन त्यावर बसलं होतं. सहा वर्षांत तो एकदाच पडला. धाकट्याला आले शहाण्णव. तो खुर्चीतून उठून नाचला म्हणे. मग ताईचा आकडा दिसला, सत्त्याण्णव.

जिंकलेली वस्तू दुसऱ्याला देता येत नाही. कंदील ताईच्या पेटीत पडून राहिला; तिने तो कधी बाहेर काढला नाही.

“तुझ्याच कंपनीचा फासा गं,” धाकटा हसत म्हणाला होता. “मॅच कुणाची, पंच कुणाचा!”

त्याची फासा टाकायची तऱ्हाही न्यारी. बटण दाबायला साठ सेकंद मिळतात. त्या वेळेचं एक पांढरं वर्तुळ पडद्यावर हळूहळू मिटत येतं. बाकीचे लगेच दाबून मोकळे होत. हा चाळिसेक सेकंद नुसता बसून राहायचा, मग बोटाने टेबलावर तीनदा टकटक करायचा आणि मग दाबायचा.

“अहो, भट्टीत पाव करपले माझे!” बेकरीवाली ओरडायची.

“थांबा हो. गरम गरम फासा टाकला की नीट पडत नाही. निवू द्यावा लागतो.”

“यंत्राला काय कळतंय गरम आणि गार,” ताई म्हणायची.

“तुला कळत नाही म्हण.”

वर्षातून दोनतीनदा तरी तो विचारायचा, “ताई, एकदा माझे फासे काढून बघ ना. मी सारखा हरतो की मला तसं वाटतं, तेवढंच सांग.” आणि ती सांगायची की घरच्या माणसाचे फासे तपासायला नियमाने बंदी आहे.

असा नियम नव्हता. घरच्या माणसालाही तक्ता दाखवून ‘तुझी समजूत चुकीची आहे’ म्हणायचा तिला कंटाळा येई, म्हणून तिने तो बनवला होता. शेवटच्या रविवारी त्याने पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “बरं बाबा, बघते पुढच्या आठवड्यात.”

पुढच्या आठवड्यात मंगळवार होता.

३

तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी बेकरीवालीचा निरोप आला, ‘बसायचं का? नसेल जमत तर नको.’ ताई बसली. घरात बसून भिंती तरी किती मोजायच्या.

पडद्याच्या डाव्या कडेला चार नावं. तीन पांढरी, आणि धाकट्याचं राखाडी. गटाची मुख्य ताई. राखाडी नाव गटातून काढायचं बटण तिच्याच पडद्यावर होतं. तिने ते दाबलं नाही.

त्याचा परिणाम काय होणार ते मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पहिला राक्षस पडला, एक ढाल मागे राहिली, तिघांनी बटणं दाबली, आणि यंत्र थांबलं. चौथं नाव गटात होतं. त्याने दाबलं नव्हतं. पांढरं वर्तुळ साठच्या साठ सेकंद मिटत राहिलं. शेवटी राखाडी नावापुढे ‘सोडलं’ असं उमटलं आणि ढाल मास्तरांना मिळाली.

दुसऱ्या राक्षसाच्या वेळी तसंच. पाचव्यापर्यंत त्या साठ सेकंदांची त्यांना सवय झाली. मास्तर त्या वेळात चष्मा पुसत. हेडफोनमधून कापडाचा आवाज येई. बेकरीवालीच्या बाजूला भट्टीचा पंखा घरघरत राही.

पुढच्या रविवारी वर्तुळ साठावर गेलं नाही. तिसरा हिस्सा उरलेला असतानाच ते एकदम नाहीसं झालं. ताईचा डोळा अशा गोष्टींवर चटकन जातो. पुढच्या वेळी तिने हातातल्या घड्याळावर नजर ठेवली. एक्केचाळीस सेकंद. त्यानंतरही एक्केचाळीस. दरवेळी नावापुढे ‘सोडलं’ येतच होतं, पण आधी.

“नेट हळू चाललंय बहुतेक,” ती म्हणाली.

“हळू चाललं तर उशीर होईल ना, बाई?” मास्तर म्हणाले. “लवकर कसं होईल?”

तिने विषय बदलला.

४

त्याच्या पुढचा रविवार. ताईला पडले त्रेसष्ट. वर्तुळ मिटत होतं. दुपारच्या उन्हाचा चौकोन तिच्या टेबलावर आला होता, त्यात पाण्याचा पेला, चष्म्याचं घर, पेन. चाळीस सेकंद झाले आणि तिच्या कानात, अगदी जवळ, आवाज आला. टक. टक. टक.

राखाडी नावापुढे आकडा उमटला. बासष्ट.

हेडफोन काढून तिने टेबलाकडे पाहिलं, मग खालच्या मजल्याचा आवाज असेल म्हणून जमिनीकडे. खाली कुणी राहत नव्हतं. गोदाम होतं, आणि रविवारी ते बंद असे.

पुढचा फासा एका ढोलकीसाठी. तिला अठरा, राखाडी नावाला सतरा. त्यापुढचा, तिला एकाहत्तर, त्याला सत्तर.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे तिचं आवडतं वाक्य होतं. पण तोच कावळा त्याच फांदीवर लागोपाठ तीनदा? तिच्या डोक्याने न सांगताच गणित मांडलं. दहा लाखांत एकदा. दहा लाखांत एकदा घडणारी गोष्टही कुणाच्या तरी घरी घडतेच, असं तिने दुसऱ्याला लिहिलं असतं.

मग तिला एक पडला. नुसता एक, फाशावरचा सगळ्यात लहान आकडा. याच्या खाली काही नाही. तिला हायसं वाटलं. आता कळेल, ती मनात म्हणाली, आता ही साखळी तुटेल. वर्तुळ मिटत आलं. टक टक टक.

शून्य.

त्या फाशाला शून्य नव्हतंच. ते तिने स्वतः कोटी वेळा फासा टाकवून तपासलं होतं आणि मगच खाली सही केली होती.

तिने माउसवरचा हात काढून घेतला. आणि का कोण जाणे, त्या भीतीतच तिला एक जुना जिना आठवला. शाळेतून येताना अंधाऱ्या जिन्यात धाकटा तिच्या दप्तराचा पट्टा धरून चालायचा. पुढे ये म्हटलं तरी यायचा नाही. कायम एक पायरी मागे.

५

सोमवारी कचेरीत तिने त्या दुपारची नोंद काढली. सर्व्हरच्या नोंदीत सगळं जागच्या जागी होतं. राखाडी नावापुढे प्रत्येक वेळी एकच मजकूर, ‘प्रतिसाद नाही. साठ सेकंद. सोडलं.’ बासष्ट नाही, सतरा नाही, शून्य तर नाहीच.

म्हणजे आपल्याला भास होतोय. दुःखात माणसाला काय काय दिसतं. तिने स्वतःची अशी समजूत घातली, आणि शनिवारी भावजयीकडे गेली.

धाकट्याची खोली होती तशीच होती. भिंतीला लागून टेबल, टेबलावर काहीही नाही. त्याचा लॅपटॉप भावजयीने त्याच्याच कामाच्या निळ्या शर्टात गुंडाळून कपाटात ठेवला होता. शर्टाच्या घडीवर धुळीचा पातळ थर होता. ताईने तो बोटाने पाहिला. कुणी हात लावलेला नव्हता.

“रविवारी चारला तू इथे असतेस का गं?” तिने शक्य तितक्या सहज विचारलं.

भावजय उशीचा अभ्रा बदलत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “तुम्हालाही ऐकू येतं?”

“काय?”

“टेबल वाजतं, ताई. तीनदा. थोडा वेळ थांबून परत तीनदा. मी आधी दार लावून घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. नळ मोठा सोडायचे.”

“आणि आता?”

“आता दार उघडं ठेवते.” तिने उशी झटकली. “भीती वाटते, नाही असं नाही. पण आवाज त्यांचाच आहे. तसलं वैतागवाणं टकटक दुसरं कोण करणार?”

दोघी हसल्या. मग दोघींनाही एकमेकींकडे पाहवेना.

६

रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी ताईने विचारून टाकलं. “मास्तर, खरं सांगा. धाकट्याच्या नावापुढे तुम्हाला काही दिसतं?”

हेडफोनमधून चष्मा पुसल्याचा आवाज आला.

“मला वाटलं, माझंच वय झालं,” मास्तर म्हणाले. “दिसतं हो. मागच्या वेळी माझे एकोणतीस होते, त्याचे अठ्ठावीस.”

“अठ्ठावीस कुठले?” बेकरीवाली मध्येच म्हणाली. “ढोलकीच्या वेळी ना? माझे नव्वद होते. त्याचे एकोणनव्वद. मी स्वतः पाहिले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

ताईने त्या दुपारचे आकडे टिपून ठेवलेला कागद पुढे ओढला. ढोलकी पडली तेव्हा तिला अठरा आले होते. आणि तिच्या पडद्यावर त्याला सतरा.

एकच फासा, आणि तिघांच्या तीन पडद्यांवर तीन वेगळे आकडे. ज्याच्या त्याच्या आकड्याहून एक कमी.

“म्हणजे तो एकाच वेळी आपल्या तिघांकडून हरतोय?” बेकरीवालीचा आवाज बारीक झाला होता.

“हरत नाहीये,” मास्तर म्हणाले. त्यांनी आयुष्यभर मुलांच्या रांगा लावल्या होत्या. “मागे उभा आहे. प्रत्येकाच्या लगेच मागे.”

ताईच्या खोलीत पाठीमागे दार होतं आणि दाराच्या अलीकडे दोन पावलांची मोकळी जागा. तिने खुर्ची फिरवली नाही.

“बसायचं का आज?” बेकरीवालीने विचारलं. “मी भट्टी बंद करून आलेय.”

“बसू या,” ताई म्हणाली.

७

शेवटचा राक्षस पडला तेव्हा पावणेसहा झाले होते. त्याच्या देहाशेजारी काहीतरी लुकलुकलं. निळं.

सहा वर्षांत एकदा पडलेला कंदील.

“अगं बाई,” बेकरीवाली म्हणाली.

“कुणी दाबू नका,” मास्तर घाईने म्हणाले, आणि मग शरमल्यासारखे, “म्हणजे, माझं आपलं मत.”

‘सोडलं’चं बटण फाशाच्या बटणाशेजारीच असतं. आधी मास्तरांनी ते दाबलं, मग बेकरीवालीने. ताईच्या मनात तेवढ्यात एक थंड विचार शिरला. तिघांनीही सोडलं तर एक कमी करायला आकडाच उरत नाही. मागे उभं राहणाऱ्याने पुढे कुणी नसताना काय करायचं? आणि यानंतर काहीच आलं नाही, साठ सेकंद होऊन नुसतं ‘सोडलं’ उमटलं, तर मग रविवारी चारला काय उरणार होतं? एक फासा टाकून तिला तो आकडा अजून एकदा तरी पाहता आला असता, पंचाऐंशीचे चौऱ्याऐंशी, काहीही. तेवढं तर हक्काचं होतं.

तिने ‘सोडलं’ दाबलं.

वर्तुळ मिटू लागलं. मास्तर चष्मा पुसत नव्हते. पंख्याची घरघर नव्हती. वीस. तीस. उन्हाचा चौकोन टेबलावरून उतरून भिंतीपाशी गेला होता. चाळीस.

एक्केचाळीस गेला. काही वाजलं नाही.

बेचाळीस. पन्नास. “पुढे ये ना रे,” ती पुटपुटली. अंधाऱ्या जिन्यात म्हणायची तशीच. “मी आहे मागे.”

अठ्ठावन्नाव्या सेकंदाला टेबल वाजलं. कानात नाही, तिच्या टेबलावरच. पेल्यातलं पाणी तीनदा हललं.

राखाडी नावापुढे आकडा आला. शहाण्णव.

आता त्याच्या वर कुणी नव्हतं. खेळाने नेहमीची ओळ लिहिली, ‘धाकटा यांना निळा कंदील मिळाला.’ आणि लगेच दुसऱ्या जागी नेण्यासाठी पडदा काळा झाला, दरवेळी होतो तसा, दोनतीन सेकंदांपुरता.

त्या काळ्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. खांद्यामागे दार दिसलं. आणि दाराच्या अलीकडे, जिथे दोन पावलांची मोकळी जागा होती, तिथे निळसर उजेड होता. कुणीतरी हात जरा उंच धरल्यावर पडतो तसा. तो तिच्या पाठीशी येऊन क्षणभर थांबला. मग तिच्या बाजूने पुढे सरकला. दप्तराचा पट्टा सुटावा तसं तिच्या खांद्यावर काहीतरी हलकं झालं.

पडदा उजळला. तिन्ही पांढरी नावं होती. चौथी ओळ रिकामी होती. नाव काढायचं बटण कुणी दाबलं नव्हतं.

“गेला?” बेकरीवालीने विचारलं. ती रडत होती आणि हसतही होती.

“पुढे गेला,” मास्तर म्हणाले.

ताईने फोन उचलून भावजयीला लावला. पलीकडून पहिला शब्द आला तो असा, “ताई, आज टेबल वाजलं नाही हो.” आणि जरा थांबून, “पण खोली केवढी उजळली होती.”

८

त्यानंतर पंचबाईने दोन कामं केली. आधी तिने अख्खा फासा पुन्हा तपासायला घेतला, एक लाख खेळाडूंचे सगळे फासे, पहिल्या दिवसापासूनचे. काम पाच आठवडे चाललं. फासा सरळ निघाला. मग तिने आपलं ठरावीक उत्तर खोडून टाकलं. आता ती तक्रार करणाऱ्याला आधी विचारते की तुम्हाला कोणती वस्तू हवी होती, आणि का. लोक पानंच्या पानं लिहितात. ती वाचते, मग तक्ता मांडून पाठवते. तक्रारी कमी झालेल्या नाहीत. त्याच माणसाची दुसरी तक्रार मात्र क्वचित येते.

रविवारी तिघं खेळतात. फासे पटापट पडतात. तरी कधीकधी एखादी चांगली वस्तू पडली की बेकरीवाली म्हणते, “थांबा, निवू द्या जरा,” आणि तिघंही थांबतात.

त्या एक लाख खेळाडूंच्या यादीतून एक नाव ताईने बाजूला ठेवलं होतं. सहा वर्षांतले त्याचे चार हजार तीनशे बारा फासे एका वेगळ्या पानावर तयार आहेत. एक बटण दाबलं की तो सारखा हरत होता की त्याला तसं वाटत होतं, ते कळेल. कामाच्या दिवशी सकाळी ती ते पान उघडते, आणि दिवसभर ते तिच्या बाजूला उघडं असतं.

धाकट्याचे फासे तिने अजून तपासलेले नाहीत.